सेवक मासा काचेच्या पेटीत



खाऱ्या पाण्याचा फिशटँक ठेवणाऱ्यांना दुकानदार एक मासा हमखास सुचवतो. त्याचे नाव क्लीनर रास. बोटाएवढा, निळसर, अंगावर लांब काळा पट्टा. ‘हा बाकीच्या माशांची साफसफाई करतो,’ असे दुकानदार सांगतो. ते खरे आहे, पण समुद्रात.

लक्षद्वीपपासून ऑस्ट्रेलियापर्यंत प्रवाळांच्या खडकांवर हा मासा आपली ठरलेली जागा धरून राहतो. मोठे मासे तिथे येऊन थांबतात, जबडा उघडतात आणि हा निर्धास्तपणे आत शिरतो. गुरांना गोचीड लागावी तसे माशांना रक्तपिपासू किडे लागतात, ते हा वेचतो. ऑस्ट्रेलियातील लिझार्ड बेटाजवळ १९९० च्या दशकात झालेल्या अभ्यासात एक मासा दिवसाला सुमारे १,२०० किडे खातो असे आढळले. त्याच परिसरात काही खडकांवरून हे मासे साडेआठ वर्षे काढून टाकण्यात आले. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: तिथे वस्ती करून राहणारे मासे ३७ टक्क्यांनी कमी भरले.

म्हणजे गावातला एकुलता एक डॉक्टर उचलून आपल्या बंगल्यात ठेवण्यासारखे हे झाले. प्रश्न केवळ त्या माशाच्या हालांचा नाही. जे रांगेत उभे होते, त्यांचे काय?

आणि बंगल्यात तरी डॉक्टर काय करणार? चार-पाच माशांच्या अंगावर किडे असतात किती! गोठवलेले खाणे खायला काही शिकतात व जगतात. पुष्कळ उपाशी मरतात. टाकीत नेहमी येणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोगही तो बरा करीत नाही, कारण त्याचे जंतू कातडीखाली दडलेले असतात. शिवाय त्याला किड्यांपेक्षा माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर अधिक आवडतो. समुद्रात त्याने लबाडी केली तर गिऱ्हाईक त्याच्या अंगावर धावते किंवा दुसरीकडे जाते. त्या धाकाने तो सरळ वागतो. टाकीत गिऱ्हाइकाने जायचे कुठे?

कोणी म्हणेल, आपण बोंबील-बांगडा खाणारी माणसे, आपल्याला हा सोवळेपणा कशाला? आक्षेप रास्त आहे. मासा मारणे पाप, असे मी म्हणत नाही. पण ताटातल्या माशाने भूक भागते; इथे एक जीव ज्या कामासाठी विकत घेतला, तेच काम त्याला करता येत नाही. ‘मी नाही घेतला तर दुसरा घेईल,’ हे उत्तर मात्र मला पटत नाही. विकला गेला की दुकानदार त्याच्या जागी दुसरा मागवतो, एवढा साधा हिशोब आहे.

टाकीच नको, असे नाही. मुले तिच्यासमोर तासन्‌तास बसतात, हे चांगलेच. निऑन गोबी नावाचा छोटा मासाही साफसफाई करतो आणि त्याची पैदास टाकीतच होते. विचारायचा तर तो विचारावा.

ज्यांच्या घरी क्लीनर रास आधीच आहे, त्यांनी कळवळ्याने तो आपल्या किनाऱ्यावर सोडू नये. इथल्या गढूळ पाण्यात त्याचा प्रवाळखडक नाही. त्याला दिवसातून तीन-चार वेळा बारीक खाणे थोडे थोडे द्यावे.