माळ उघडी, नाव झाकलेले

कऱ्हाड-फलटणच्या पट्ट्यात एखाद्या तरुणाने पंढरीची माळ घातली, की ती बातमी वेगळी छापावी लागत नाही. माळ गळ्यात दिसते. लग्नघरी, ढाब्यावर, ऊसबिल जमा झाल्यानंतरच्या बैठकीत कोणी ग्लास पुढे केला, तर “माळकरी आहे” एवढे दोन शब्द पुरतात. आग्रह करणाराही हात मागे घेतो. सातारा जिल्ह्यातले कीर्तनकार बंडातात्या कराडकर यांच्या व्यसनमुक्त युवक संघाने वारकरी परंपरेचा हाच आधार घेऊन तरुणांमध्ये काम उभे केले. व्रत चारचौघांत जाहीर होणे, हा इथे व्रत टिकण्याचाच एक भाग आहे.

अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठकीत नेमके उलटे घडते. तिथे माणूस पहिले नाव सांगतो, आपण दारुडे आहोत हे कबूल करतो आणि जे ऐकले ते त्या खोलीतच ठेवतो. 1935 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या या चळवळीने 1950 मध्ये क्लीव्हलंडच्या अधिवेशनात बारा परंपरा स्वीकारल्या. वृत्तपत्र, रेडिओ आणि चित्रपटांत सदस्याने आपले नाव गुप्त ठेवावे, असे त्यातली अकरावी परंपरा सांगते. बारावी तर अनामिकतेलाच सगळ्या परंपरांचा आध्यात्मिक पाया मानते.

एकीकडे उघडी माळ, दुसरीकडे झाकलेले नाव. दोन्ही मार्गांनी असंख्य पुरुषांची दारू सुटली आहे. मग सातारा-सांगलीत पुरुषांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्याने आपल्या उपक्रमाची प्रसिद्धी करावी की नाही? हा प्रश्न वरवर जनसंपर्काचा वाटला, तरी मुळात तो धर्माचा आहे.

चांगले काम बोलून दाखवू नये, हा आपल्याकडचा जुना संस्कार. गुप्तदान श्रेष्ठ मानले जाते. गीतेच्या सतराव्या अध्यायात सत्कार, मान आणि पूजा मिळावी म्हणून केलेले तप राजस ठरवले आहे, आणि तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांमध्ये अमानित्वापाठोपाठ अदंभित्व येते. या कसोटीवर शिबिराच्या उद्घाटनाचा फ्लेक्स, त्यावरचे हात जोडलेले चेहरे आणि दुसऱ्या दिवशीचा दोन कॉलमी फोटो टिकत नाही.

पण याच परंपरेत कीर्तन आहे. गाडगेबाबांनी गावोगाव हजारोंच्या समोर कर्ज, दारू, पशुबळी यांवर लोकांना प्रश्न विचारले आणि उत्तरेही त्यांच्याच तोंडून काढून घेतली. समर्थ रामदासांनी स्थापन केलेले अकरा मारुतीही घरातल्या देव्हाऱ्यांसाठी नव्हते. चाफळ, मसूर, उंब्रज, शहापूर, शिराळा, बहे अशा गावांत ते सर्वांसाठी उभे राहिले आणि बलोपासना ही गावाची गोष्ट झाली. उपदेश मोठ्याने करावा आणि त्याचे श्रेय मात्र मुक्याने सोडून द्यावे, अशी ही वाटणी आहे. दान लपवावे, पण अन्नछत्राचा पत्ता लपवला तर भुकेला माणूस उपाशीच राहील.

या भागात पुरुषाच्या बळाला प्रसिद्धीची वाण कधीच नव्हती. गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 मध्ये हेलसिंकीहून ऑलिंपिकचे कांस्यपदक घेऊन आले आणि कवठेपिरानच्या मारुती माने यांचे नाव मैदानामैदानांत गाजले. आजही जत्रेतल्या कुस्तीला हलगी कडाडते आणि सातारा हिल हाफ मॅरेथॉनला राज्याबाहेरूनही धावपटू येतात. हे सारे अभिमानाचेच आहे. मात्र त्याच तालमीतला मुलगा पुढे रोज पिऊ लागला, रात्र-रात्र जागू लागला, लघवीची किंवा लैंगिक तक्रार घेऊन मनातल्या मनात झुरू लागला, तर त्यासाठी ना हलगी असते ना शब्द. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात 1,70,924 जणांनी आत्महत्या केली. त्यात सुमारे 72 टक्के पुरुष होते आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. पुरुषाचे गप्प राहणे आपण फार काळ मर्दानगीच्या खात्यात जमा केले.

म्हणूनच प्रसिद्धीला सरसकट दंभ म्हणता येत नाही. अनिल अवचट यांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, व्यसनावर वृत्तपत्रात लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये देऊ केले आणि 1986 मध्ये पुण्यात मुक्तांगण उभे राहिले. डॉ. अनिता अवचट यांनी ते घडवले. अमेरिकेतही 1941 च्या मार्च महिन्यात ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’मध्ये जॅक अलेक्झांडर यांचा लेख आला आणि सुमारे दोन हजारांची ती चळवळ वर्षअखेरीस आठ हजारांवर गेली. नाव झाकणाऱ्या चळवळीलाही आपला पत्ता उघडा करावाच लागला.

साताऱ्याला तर याचे घरचेच उदाहरण आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी मिरजेत वैद्यकीय शिक्षण घेतले, कबड्डीचे मैदान गाजवले, बारा वर्षे दवाखाना चालवला आणि साताऱ्यात ‘परिवर्तन’ संस्थेमार्फत व्यसनमुक्तीचे काम उभे केले. पुढे ‘साधना’ साप्ताहिकाचे संपादक म्हणून छापील शब्दाची ताकदही त्यांनी पुरेपूर वापरली. उपचार आणि प्रचार ही त्यांना एकाच कर्तव्याची दोन अंगे वाटत असावीत, असे त्यांच्या कामाकडे पाहून म्हणावेसे वाटते.

घोटाळा होतो तो रुग्णाला पुढे करताना.

व्यासपीठावर दहा जणांना उभे करून दारू सोडल्याची शपथ द्यायची, हार घालायचे, फोटो छापायचा, हा प्रकार पाहणाऱ्याला हृद्य वाटतो. पण व्यसन हा उलटणारा आजार आहे. या क्षेत्रात ज्याला ‘स्लिप’ म्हणतात, ती पुन्हा पिण्याची घसरण चांगल्या चाललेल्या माणसाचीही होते. ज्याचा फोटो गावाने पाहिला, त्याला स्लिपनंतर पुन्हा केंद्राची पायरी चढणे दुप्पट अवघड जाते. माळ वेगळी ठरते ती इथे. ती माणसाने स्वतः गळ्यात घातलेली असते. बैठकीतले मौनही त्यानेच निवडलेले असते. सांगायचे की नाही, कधी आणि कोणाला, हा हक्क ज्याचा आजार त्याचा. संस्थेचा नाही, देणगीदाराचा नाही आणि वार्ताहराचाही नाही.

2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही हेच सांगतो. संमतीशिवाय रुग्णाचा फोटो किंवा माहिती माध्यमांना देण्यास त्यात मनाई आहे, आणि दारू व अमली पदार्थांशी निगडित आजार त्या कायद्याच्या व्याख्येत येतात.

चेहरा न दाखवता आवाज पोहोचवण्याची साधने या दोन जिल्ह्यांत आहेत. आकाशवाणीचे सांगली केंद्र आहे, म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी आहे, जत तालुक्यातल्या जालिहाळची येरळा वाणी आहे. नाव न सांगता बोलणाऱ्या एका माणसाचा अनुभव रानात मोटार चालू करून बसलेल्या दुसऱ्याच्या कानी पडू शकतो, आणि त्याला कोणी ऐकताना पाहिलेले नसते.

तेव्हा उपक्रम चालवणाऱ्यांनी बातमी जरूर द्यावी. त्या बातमीत पाहुण्यांच्या नावांच्या जागी केंद्राचा पत्ता, वार, वेळ, खर्च, फोन नंबर आणि ‘तुमचे नाव बाहेर जाणार नाही’ हे वाक्य असावे. संपादकांनीही उद्घाटनाचा फोटो गाळून एवढ्या ओळी छापाव्यात, आणि एकदाच नव्हे तर दर आठवड्याला छापाव्यात.