मैदान कुणाच्या नावावर?

एप्रिल 1987 मध्ये डब्लिनचा शॅमरॉक रोव्हर्स हा आयर्लंडमधला सर्वांत यशस्वी फुटबॉल क्लब होता. लीगचं विजेतेपद त्यानं लागोपाठ चौथ्यांदा पटकावलं होतं. जिम मॅकलॉफलिन या मॅनेजरनं घडवलेला संघ डर्मॉट कीलीकडे आला होता आणि दोघांनीही आपलं काम चोख केलं होतं. नेमक्या त्याच वेळी मालक असलेल्या किलकॉइन कुटुंबानं मिलटाउन भागातलं ग्लेनमाल्युअर पार्क हे क्लबचं मैदान विकायला काढलं. तिथे झालेल्या शेवटच्या सामन्यात, स्लायगो रोव्हर्सविरुद्धच्या चषकाच्या उपांत्य लढतीत, मध्यंतराला प्रेक्षक निषेध म्हणून मैदानात उतरले. पुढच्या हंगामात संघ टोल्का पार्कवर खेळू लागला, तेव्हा समर्थकांनी आपल्याच संघाच्या घरच्या सामन्यांवर बहिष्कार घातला. तिकीट खिडकी ओस पडली आणि मालकांना क्लब सोडावा लागला. मैदान मात्र परत मिळालं नाही. तिथे घरं उभी राहिली आणि रोव्हर्स पुढची बावीस वर्षं भाड्याच्या मैदानांवर हिंडत राहिला.

फुटबॉलबद्दल बोलताना आपण बहुधा मॅनेजरबद्दल बोलतो. संघ जिंकला की तो चाणाक्ष आणि हरला की त्याला घरी पाठवा. आयर्लंडच्या देशांतर्गत फुटबॉलचा इतिहास या सवयीला छेद देतो. तिथे उत्तम मॅनेजर पुष्कळ झाले, पण त्यांनी उभारलेलं टिकेलच याची हमी त्यांच्यापैकी कुणालाच देता आली नाही. मॅनेजरच्या कामाला वेळ लागतो. हा वेळ त्याला कोण देऊ शकतं, हा तिथला खरा प्रश्न आहे. माझं उत्तर असं की, दहा वर्षांनंतरही जो त्याच गावात, त्याच क्लबसाठी उभा असेल, तोच हा धीर धरू शकतो. आयर्लंडमध्ये असा माणूस म्हणजे समर्थक. म्हणून क्लबच्या मोठ्या निर्णयांत त्याला कायदेशीर हक्क असायला हवा.

आधी पैशाचं गणित पाहू. लीग ऑफ आयर्लंड 1921 मध्ये सुरू झाली, पण लोकसंख्येनं लहान असलेल्या या देशात फुटबॉलवेड्यांचा मोठा हिस्सा लिव्हरपूल, मँचेस्टर युनायटेड किंवा सेल्टिकवर जीव टाकतो. गावागावांत गेलिक खेळांची पकड घट्ट आहे. देशांतर्गत सामन्यांच्या प्रक्षेपणातून म्हणावी तशी कमाई होत नाही. लीग जिंकणाऱ्या संघाला मिळणारं बक्षीस अलीकडच्या काही वर्षांत एक लाख युरोंच्या आसपास होतं. याउलट, 2024-25 मध्ये युरोपच्या कॉन्फरन्स लीगच्या मुख्य फेरीत नुसता प्रवेश मिळाला, तरी तीस लाख युरोंहून अधिक रक्कम पदरात पडत होती. एवढी तफावत असली की मालक जुगार खेळतो. यंदा जास्त पगार देऊ, युरोपात जाऊ, मग सगळं फिटेल, असा त्याचा हिशेब असतो. लीग एकच संघ जिंकतो, पण हा हिशेब पाच-सहा संघ मांडून बसलेले असतात.

या हिशेबाची परिणती 2005 ते 2011 या काळात दिसली. 2005 चा विजेता कॉर्क सिटी, 2006 चा शेलबर्न, 2007 चा ड्रॉहेडा युनायटेड आणि 2008 चा बोहेमियन्स. हे चारही विजेते काही वर्षांतच आर्थिक गर्तेत सापडले. शेलबर्ननं 2004 मध्ये लॅन्सडाउन रोड स्टेडियमवर डेपोर्तिव्हो ला कोरुन्यासारख्या बलाढ्य संघाला गोलशून्य बरोबरीत रोखलं होतं. दोन वर्षांनी तो पुन्हा विजेता ठरला आणि लगेच पुढच्या हंगामात त्याची खालच्या विभागात रवानगी झाली. ही हकालपट्टी खेळामुळे नव्हे, तर ताळेबंदामुळे झाली. स्पोर्टिंग फिंगल या नव्या क्लबनं 2009 मध्ये चषक जिंकला आणि 2011 च्या सुरुवातीला तो क्लबच उरला नाही. या काळातला सर्वांत यशस्वी मॅनेजर पॅट फेनलन. त्यानं शेलबर्नला तीन आणि बोहेमियन्सला दोन विजेतेपदं मिळवून दिली. पाच विजेतेपदं देणाऱ्या माणसाचे दोन्ही क्लब कर्जाखाली दबले. यात त्याचा दोष नव्हता. इमारत त्यानं सुरेख बांधली, पण तिच्या पायाशी त्याचा काही संबंध नव्हता.

डंडाकची कहाणी याहून बोलकी आहे. सीमेजवळच्या या गावातला क्लब 2012 मध्ये बंद पडायच्या बेतात होता. दोन स्थानिक व्यावसायिकांनी तो हाती घेतला आणि स्टीफन केनी या मॅनेजरला आणलं. केनीनं 2014, 2015 आणि 2016 अशी सलग तीन विजेतेपदं मिळवली. 2016 मध्ये बाटे बोरिसॉव्हला हरवून संघ युरोपा लीगच्या गटात गेला आणि तिथे मक्काबी तेल अवीवविरुद्ध जिंकला. 2018 मध्येही लीग केनीनंच जिंकून दिली, पण तोवर क्लब अमेरिकी गुंतवणूकदारांकडे गेला होता. 2020 मध्ये त्यांनी फिलिप्पो जोव्हान्योली या प्रशिक्षकाला थेट अमेरिकेतून आणून बसवलं. आयरिश फुटबॉलशी त्याचा आधी काही संबंध नव्हता. संघ पुन्हा युरोपा लीगच्या गटात पोहोचला, चषकही जिंकला. मात्र पुढच्या एप्रिलमध्ये मॅनेजर गेला आणि वर्ष सरता सरता मालकही गेले. नंतर मालकी आणखी बदलत राहिली. 2024 च्या एकाच हंगामात तीन मॅनेजर झाले आणि संघ खालच्या विभागात घसरला. गुंतवणूकदार वाईट असतात, असं मला म्हणायचं नाही. केनीला आणणारे लोकही खासगी मालकच होते. पण ते गावातलेच होते. संघ हरला की दुसऱ्या दिवशी बाजारात त्यांना लोकांना तोंड द्यावं लागत होतं.

शॅमरॉक रोव्हर्सनं दुसरी वाट धरली. 2005 मध्ये कर्जामुळे क्लब न्यायालयाच्या देखरेखीखाली गेला, गुण कापले गेले आणि इतिहासात पहिल्यांदा संघ खालच्या विभागात गेला. त्या वेळी 'फोर हंड्रेड क्लब' या समर्थकांच्या गटानं दरमहा वर्गणी काढून क्लब ताब्यात घेतला. टालाह्ट भागात अर्धवट पडलेलं स्टेडियम स्थानिक कौन्सिलनं पूर्ण करायला घेतलं. तिथे गेलिक खेळांनाही जागा हवी, या मागणीसाठी एक गेलिक क्लब न्यायालयात गेला. समर्थकांनी तीही लढाई धीरानं पार पाडली. मार्च 2009 मध्ये स्टेडियम सुरू झालं आणि त्याच उन्हाळ्यात रिआल माद्रिदकडून क्रिस्तियानो रोनाल्डो पहिल्यांदा खेळला तो याच मैदानावर. 2011 मध्ये मॅनेजर मायकेल ओनीलच्या संघानं बेलग्रेडला जाऊन पार्टिझानला हरवलं आणि युरोपा लीगच्या गटात पोहोचणारा पहिला आयरिश क्लब होण्याचा मान मिळवला.

मात्र समर्थकांच्या मालकीचं मोल विजयापेक्षा पराभवाच्या काळात अधिक कळतं. 2016 मध्ये स्टीफन ब्रॅडली हा तरुण मॅनेजर नेमला गेला. पहिली काही वर्षं हाती काहीच लागलं नाही, स्टँडमधून नाराजी ऐकू येत होती. तरी क्लबनं त्याला ठेवलं. 2019 मध्ये 32 वर्षांनी चषक आला, मग 2020 ते 2023 सलग चार लीग विजेतेपदं. फेब्रुवारी 2025 मध्ये नॉर्वेत मोल्देविरुद्ध विजयी गोल केला तो मायकेल नूनन या सोळा वर्षांच्या मुलानं. दरम्यान भागभांडवल हवं म्हणून दोन श्रीमंत गुंतवणूकदारांना हिस्सा दिला गेला, पण निम्मी मालकी सभासदांनी हातची जाऊ दिली नाही.

याला आक्षेप घेता येतील, आणि ते खोटे नाहीत. बोहेमियन्स हा पूर्वापार सभासदांचा क्लब. जमिनीचे भाव गगनाला भिडले होते, तेव्हा याच सभासदांनी डॅलिमाउंट पार्क विकायचा निर्णय घेतला. येणाऱ्या पैशाच्या भरवशावर खर्च वाढला, बाजार कोसळला, व्यवहार फिसकटला आणि क्लब बुडता बुडता वाचला. अखेर 2015 मध्ये डब्लिन सिटी कौन्सिलनं ते मैदान 38 लाख युरोंना विकत घेतलं. कॉर्कमध्ये समर्थकांच्या 'फोरास' संस्थेनं 2010 मध्ये बुडालेला क्लब पुन्हा उभा केला आणि मॅनेजर जॉन कॉलफील्डच्या हाताखाली 2017 मध्ये लीग व चषक दोन्ही जिंकले. तीन वर्षांनी तिजोरीत खडखडाट झाला आणि सभासदांनी क्लब एका युरोला विकायला मंजुरी दिली. तो सौदा पुढे बारगळला, पण क्लब शेवटी खासगी हातात गेलाच. म्हणजे मत देण्याचा हक्क मिळाला की शहाणपण आपोआप येतं, असं नाही.

महाराष्ट्राला हे वेगळं सांगायला नको. सहकारी साखर कारखान्यांत सभासद जागा राहिला तिथे गाव उभं राहिलं. तो वार्षिक सभेपुरता उरला तिथे कारखाना मूठभरांचा झाला. पण सभासदाला काहीच हक्क नसेल तर काय होतं, हेही आपण पाहिलं आहे. मुंबईचा महिंद्र युनायटेड हा राष्ट्रीय विजेता संघ कंपनीच्या एका निर्णयानं 2010 मध्ये बंद झाला. 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा यांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. कारणं काहीही असोत, फातोर्ड्याच्या स्टँडमध्ये वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाला कुणी विचारलं नाही. कॉर्कच्या सभासदांनी चुकीचा निर्णय घेतला असेल, पण तो त्यांनी घेतला. चुकण्याचा हक्क असलेल्यालाच सुधारण्याची संधी मिळते. बोहेमियन्सच्या सभासदांनी ती साधली. कर्जातून सावरताना त्यांनी कीथ लाँग या मॅनेजरला तुटपुंज्या पैशांत जवळजवळ आठ वर्षं काम करू दिलं. निर्वासितांचं स्वागत करणारी जर्सी काढली, ती जगभर गेली. फेब्रुवारी 2025 मध्ये अविवा स्टेडियमवर त्यांचा शॅमरॉक रोव्हर्सशी सामना झाला, तेव्हा 33,208 प्रेक्षक आले. लीगच्या सामन्यासाठीचा तो विक्रम ठरला.

म्हणजे गर्दी परतली आहे. ब्रेक्झिटमुळे 2021 पासून आयरिश मुलांना अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत इंग्लंडच्या क्लबकडे जाता येत नाही, त्यामुळे गुणी खेळाडू जास्त काळ घरच्या मैदानावर दिसतात. सीमस कोलमनला 2009 मध्ये स्लायगो रोव्हर्सनं अवघ्या साठ हजार पौंडांना एव्हर्टनला दिलं होतं. आज अशा खेळाडूचं मोल क्लबांना नीट कळतं. हीच वेळ धोक्याचीही आहे. क्लबला भाव आला की बाहेरचा पैसा येतो, आणि त्याच्या अटी गावाच्या नसतात. ड्रॉहेडानं 2024 मध्ये चषक जिंकला, पण त्याच्या अमेरिकी मालकांकडे डेन्मार्कचाही क्लब असल्यामुळे 2025 मध्ये त्याला युरोपात खेळता आलं नाही. मॅनेजर केव्हिन डोहर्टी आणि त्याच्या खेळाडूंनी मैदानावर कमावलेलं मालकांच्या कागदपत्रांत हरवलं.

म्हणून तीन गोष्टी व्हाव्यात. मैदानं सार्वजनिक मालकीची असावीत आणि दीर्घ करारानं क्लबकडे राहावीत. टालाह्टनं हे करून दाखवलं आहे. क्लबचं नाव, बोधचिन्ह, गाव आणि विक्री याबाबत सभासदांना नकाराधिकार असावा, मग भांडवल कुणाचंही असो. आणि सरकारनं मुलांच्या प्रशिक्षणाचा भार उचलावा. घोडे आणि ग्रेहाउंडच्या शर्यतींसाठी आयर्लंडमध्ये कायद्यानं स्वतंत्र निधी आहे. फुटबॉलच्या मुलांचा हक्क त्याहून कमी नाही. आयर्लंडच्या फुटबॉल महासंघाचा कारभार 2019 मध्ये कोट्यवधींच्या देण्यांसह उघडा पडला, तेव्हा अखेर सरकारनंच तो वाचवला होता. मदत करायचीच असेल तर संकटाची वाट न पाहता आणि अटी घालून करावी, आणि पहिली अट समर्थकाच्या हक्काची असावी. मॅनेजर येतील आणि जातील, काही थोर ठरतील. पण त्यांच्या कामाला वेळ मिळावा अशी इच्छा असेल, तर तो देण्याचा अधिकार जो कुठेही जाणार नाही, त्याच्याच हाती ठेवला पाहिजे.