दुधाच्या गाड्या आणि एक स्वल्पविराम

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे. तिथल्या पोर्टलंड शहरातल्या ओकहर्स्ट डेअरीचे ड्रायव्हर गाड्यांतून दूध पोचवत. आठवड्याला चाळीस तासांपेक्षा जास्त काम झालं की वरच्या तासांना दीडपट मजुरी, असा त्या राज्याचा कायदा. ड्रायव्हरांच्या हाती मात्र ती पडत नव्हती. नाशवंत मालाच्या कामाला ओव्हरटाइम लागू नाही, असं कंपनीचं म्हणणं. तशी सूट कायद्यात होतीही.

ड्रायव्हरांनी कोर्टात दावा लावला, आणि त्यांच्या बाजूने सुटीची ती ओळ पुन्हा नीट वाचली गेली. सूट मिळालेली कामं अशी: कॅनिंग, प्रोसेसिंग, प्रिझर्व्हिंग, फ्रीझिंग, ड्राइंग, मार्केटिंग, स्टोअरिंग, आणि शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन'. शिपमेंटच्या पुढे स्वल्पविराम नाही! मग ही दोन कामं, की एकच? एकच असेल, तर सूट फक्त माल बांधण्याला. तो पाठवण्यासाठी बांधा नाहीतर वाटण्यासाठी. ड्रायव्हर तर माल बांधत नव्हते, पोचवत होते. शिवाय बाकी सगळ्या कामांना 'इंग'ची शेपटी आहे, डिस्ट्रिब्यूशनला नाही, हेही त्यांनी दाखवून दिलं.

कंपनीचं उत्तरही पोकळ नव्हतं. यादीतल्या शेवटच्या शब्दाआधी स्वल्पविराम देऊ नये, असं राज्याच्या कायदेलेखनाच्या नियमपुस्तिकेतच म्हटलं होतं. खालच्या कोर्टात कंपनी जिंकली.

या स्वल्पविरामाला 'ऑक्सफर्ड कॉमा' म्हणतात. तो गाळला की काय होतं, ते शाळेच्या निरोप समारंभाच्या लेखी भाषणात पाहावं: 'आय थँक माय पेरेंट्स, द प्रिन्सिपल अँड द प्यून.' हे कागदावर वाचणाऱ्याला वाटेल, मुख्याध्यापक आणि शिपाई हेच त्या मुलाचे आईवडील! सभागृहात हशा पिकेल, मुलगा लाजेल, विषय संपेल. पगाराच्या कागदावर तीच गफलत झाली, तर कुणाच्या तरी घरचे पैसे जातात. म्हणूनच विरामचिन्हं म्हणजे मास्तरांची कटकट, असं म्हणणाऱ्यांचं मला कधीच पटलेलं नाही.

2017 मध्ये अपील कोर्टाने निकाल फिरवला. एका स्वल्पविरामाअभावी हा खटला उभा राहिला, असं न्यायमूर्ती डेव्हिड बॅरन यांनी निकालपत्राच्या सुरुवातीलाच लिहिलं. वाक्याचे दोन्ही अर्थ निघू शकतात, हे कोर्टाला मान्य होतं. पण ओव्हरटाइमचा कायदा मुळात कामगारासाठी केलेला. तेव्हा शंका आली तर कौल कामगाराच्या बाजूने, असं ठरलं. मला या गोष्टीतलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. वाक्य ड्रायव्हरांनी लिहिलं नव्हतं. त्याच्या संदिग्धतेची किंमत त्यांनी का मोजावी?

2018 मध्ये कंपनीने 50 लाख डॉलर देऊन तडजोड केली.

निकालानंतर राज्याच्या कायदेमंडळाने ती ओळ बदलली. स्वल्पविरामांच्या जागी अर्धविराम आले, 'डिस्ट्रिब्यूशन'चं 'डिस्ट्रिब्युटिंग' झालं. आता माल पोचवण्याचं काम सूट मिळालेल्या कामांत स्पष्टपणे मोडतं, आणि ड्रायव्हरांना त्या वाक्याच्या आधारे पुन्हा दावा लावता येत नाही.