रविवार कोणाचा?

हैदराबादेत १९५१ साली लोकांस खुल्या झालेल्या सालारजंग संग्रहालयातील संगीत-घड्याळासमोर तास भरत आला की माणसांची दाटी होते. तास पुरा होताच एक चिमुकली मानवाकृती बाहेर येऊन टोले देते. रविवारी आईबाप आपल्या दोन वर्षांच्या मुलाला मोठ्या हौसेने ते दाखवावयास नेतात. मूल मात्र शेजारच्या आजोबांच्या काठीकडेच एकटक पाहात राहते! 'अरे, तिकडे बघ' म्हणून त्याची मान वळविली जाते. पुढे १९६३ साली उघडलेले विस्तीर्ण नेहरू प्राणिसंग्रहालय, तेथून टँकबंड. सायंकाळी मूल रडू लागले म्हणजे 'इतके केले, तरी हे असे!' असा उद्गार निघतो.

प्रश्न असा की, हे केले कोणासाठी? सोमवार ते शनिवार मूल आपल्या घड्याळाप्रमाणे उठते, जेवते, पाळणाघरात जाते. मग एक दिवस आपण त्याच्या पावलाने चाललो, तर तो उपकार नव्हे; ती परतफेड होय. त्याला एकच पायरी दहा वेळा चढावयाची असेल, तर चढू द्यावी.

याचा अर्थ प्रत्येक हट्ट पुरवावा, असा मात्र नाही. आजीच्या औषधाची वेळ झाली की निघालेच पाहिजे; घरात आपल्यावाचून इतरही आहेत, हे मुलालाही कळावे. परंतु ही सबब आपल्या घाईला लागू पडत नाही. म्हणून रविवारी ठिकाण एकच निवडावे, आणि तेथून निघण्याची वेळ घाईने नव्हे, गरजेने ठरवावी.