विलगीकरण आणि परित्याग

वैद्यकशास्त्र रोग ओळखते, औषध योजते व गुण आला की नाही हे पाहते. या कार्यात इतिहासाचे प्रयोजन काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचा निर्णय केवळ तर्काने करण्यापेक्षा मुंबापुरीतीलच एका प्रसंगावरून करणे इष्ट होय.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी आपली प्रतिबंधक लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. ४ फेब्रुवारीस साथरोग कायदा झाला. म्हणजे विद्याही होती आणि सत्ताही होती. तरीही लोकांनी रोगी लपवले, आणि ऑक्टोबर १८९६ मध्ये आर्थर रोड येथील रुग्णालयावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला. कारण, नेलेला माणूस परत येत नाही अशी धास्ती घरोघरी बसली होती. चार कलमांच्या त्या कायद्यात रोग्याच्या हक्काविषयी एकही कलम नव्हते.

येथे पूर्वपक्षी म्हणेल की, संसर्ग टाळण्यास रोग्याला दूर ठेवणे भागच आहे. जी दया रोग पसरवते ती दया नव्हे. हे म्हणणे यथार्थ आहे. परंतु विलग करणे आणि टाकून देणे यांत भेद आहे. जंतूच्या दृष्टीने दोन्ही सारखीच, म्हणून केवळ जंतू पाहणाऱ्यास तो भेद दिसत नाही. तो इतिहास दाखवतो. टाकले जाण्याच्या भयाने रोगी लपतो व लपलेला रोग अधिक पसरतो. सेवेतील न्यून अखेर चिकित्सेसच बाधते.

त्याच साथीत पुण्यास सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करीत होत्या. त्यांनाही प्लेग झाला व १० मार्च १८९७ रोजी त्यांचा देहान्त झाला. इकडे वांद्रे परिसरात त्या काळी उभारलेले क्रूस आजही रस्त्याकडेला दिसतात.

२०२० साली करोनाच्या साथीत हाच कायदा पुन्हा लागू झाला. अंधेरीस मरोळ येथील सेव्हन हिल्स रुग्णालयात, तसेच मुलुंड व गोरेगाव येथील तात्पुरत्या केंद्रांत रोगी ठेवले गेले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन आरोग्यसेवकांना हल्ल्यांपासून संरक्षण मिळाले; ते योग्यच झाले. पण दाराबाहेर थांबलेल्या आप्तांना रोग्याची वार्ता कोणी द्यावी, हा १८९६ चा प्रश्न तसाच उभा राहिला.

म्हाइंभटांनी लीळा संकलित करताना प्रत्यक्ष पाहणाऱ्यांना गाठून, स्थळ व प्रसंग विचारून नोंद केली. रोग्याचा वृत्तान्त घेणाऱ्या वैद्यासही हाच धीर व हीच श्रवणाची सचोटी हवी. २०१९ पासून वैद्यकीय अभ्यासक्रमात वृत्ती, नीती व संवाद यांचे शिक्षण आले, ते याच जाणिवेने.

तात्पर्य, रोग्याला दूर ठेवावे लागले तरी त्याचे नाव, त्याचे म्हणणे व त्याच्या माणसांचा त्याच्याशी असलेला संबंध तुटू देऊ नये. जेथे औषध हरते, तेथेही एवढे करणे मनुष्याच्या हाती असते. म्हणून त्यातून त्याची सुटका नाही.