उल्लेखांची खतावणी

शास्त्रज्ञाने आपल्या शोधनिबंधात पूर्वसूरींची नावे द्यावीत हा संकेत जुना आहे. मराठीत आपण त्याला ऋणनिर्देश म्हणतो, आणि हा शब्द मला फार अर्थपूर्ण वाटतो. घेणाऱ्याने आपल्या वहीत स्वतःच्या हाताने करावयाची ती नोंद आहे. १९६४ साली फिलाडेल्फियाच्या युजीन गारफील्ड यांनी अशा नोंदींची सूची छापली. शोधावयाचे लेखन चटकन सापडावे, हा तिचा मूळ उपयोग. पण कोणी कोणाचे घेतले हे सांगणारी ती वही हळूहळू कोण किती मोठा हे सांगू लागली. ऋणकोच्या कबुलीवरून धनकोचे येणे कळते हे खरे. त्याची योग्यताही कळते काय?

ऑलिव्हर लाउरी यांचे उदाहरण घ्या. अमेरिकेत सेंट लुईस येथे त्यांनी प्रथिने मोजण्याची एक सोपी रीत बसवली. द्रावणात तांब्याचा क्षार आणि फोलिनचे रसायन घालावे, निळा रंग येतो, आणि निळाई जितकी गडद तितके प्रथिन अधिक. १९५१ साली त्यांनी व तिघा सहकाऱ्यांनी ती छापली. शास्त्राच्या इतिहासात सर्वांत अधिक वेळा उल्लेखिलेला निबंध हाच. २०१४ सालच्या मोजणीत त्याचे उल्लेख तीन लाखांवर गेले होते. खुद्द लाउरींना मात्र हे आपले थोर काम वाटत नव्हते. एकेका मज्जापेशीतील द्रव्ये मोजण्याची कला त्यांनी सिद्ध केली, ती कितीतरी अवघड. पण वजनकाटा जितक्यांना लागतो तितक्यांना ताजमहाल लागत नाही!

पुढे २००५ साली हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सारी कारकीर्द एका आकड्यात बसवली. ज्याच्या दहा निबंधांना प्रत्येकी निदान दहा उल्लेख, त्याचा अंक दहा. या हिशेबात लाउरींच्या त्या तीन लाखांची किंमत किती? एक. मोजपट्टी बदलली की पर्वताचा खडा होतो, तो असा.

आता कलकत्त्याला येऊ. कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली तेथेच ओळखला होता. तो काही विष सोडत असावा हा तर्कही त्यांचाच. पण पुढील पाऊणशे वर्षे ते विष हाती लागले नाही. मेडिकल कॉलेजातील शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी बांधून त्यातच जंतू सोडले. तुकडा पाण्याने टम्म फुगला. मग जंतू गाळून काढून नुसता गाळलेला द्रव घातला, तरी तेच! म्हणजे घात करते ते विष, आणि ते करते आतड्यातच. १९५९ साली 'नेचर'मध्ये हे दोन पानांत छापून आले. आरंभी त्याकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही. डे १९७३ साली निवृत्त झाले. १९७८ साली स्वीडनमधील नोबेल परिसंवादाचे बोलावणे त्यांना आले. पण १९८५ साली ते वारले तोवर आपल्या एकाही विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य करून घेतले नव्हते.

येथवर आकड्यांची निंदा करणे सोपे होते; आता ते तितके सोपे राहत नाही. डे यांना डावलले ते आकड्यांनी नव्हे, जाणत्यांनी. आणि १९८६ साली कॉलरा-संशोधनातील उल्लेखांचे जाळे मांडून डे यांचे स्थान दाखवून दिले ते कोणी? त्याच गारफील्डांनी! ज्या देशात खुर्ची ओळखीपाळखीने मिळते, तेथे वशिला नसलेल्या माणसाला आकडा हा एक साक्षीदार असतो, आणि तो कोणाचा मेहुणा नसतो. मला या साक्षीदाराला हाकलून द्यावेसे वाटत नाही.

मात्र साक्षीदाराला न्यायाधीश केले की साक्षी विकत मिळू लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली प्राध्यापकांच्या बढतीला गुण लावले आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. तू माझे नाव घे, मी तुझे घेतो, हा व्यवहारही नवा राहिला नाही. यात आकड्यापेक्षा ऋणनिर्देश नासतो, याचे मला अधिक वाईट वाटते. मंगळागौरीतल्या उखाण्यात नाव घेण्याला काही अर्थ असतो. येथे तेवढाही उरत नाही.

डे यांचे अपयश म्हणून आपण जे सांगतो ते वस्तुतः वाचकांचे अपयश होते. निबंध छापलेला होता, इंग्रजीत होता, जगातल्या नामांकित नियतकालिकात होता. उल्लेख कमी म्हणजे निबंध उणा, असे म्हणण्यापूर्वी तो वाचला कोणी हे विचारायला नको काय? सदस्यत्वाची शिफारस करू शकणारे किती विद्वान त्या काळी कलकत्त्यातच राहत असतील. त्यांच्या घरापासून मेडिकल कॉलेज ट्रामच्या अंतरावर होते, आणि मजकूर दोनच पानांचा होता.