उचललेली नक्षी

इथे नोव्हायमध्ये माझा एक मित्र वेबसाइट डिझाइन करतो. शनिवारी सकाळी पोह्यांची बशी, भीमसेनांची तोडी आणि लॅपटॉप, एवढ्यात त्याचं जग मावतं. परवा मिसळ विकणाऱ्या एका दुकानासाठी त्यानं पान केलं. कडेनं तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती फेर धरलेली वारली माणसं. चित्र कुठून आणलंस, मी विचारलं.

"फुकट मिळालं."

याला प्रेरणा म्हणायचं की उचलेगिरी? तो म्हणाला, "मिसळ पहिल्यांदा कुणी केली, ते विचारतोस का?"

मुद्दा तुम्हाला बिनतोड वाटेल. मलाही क्षणभर वाटला. पण इथे मिसळ केली म्हणून कोल्हापुरातलं गिऱ्हाईक तुटत नाही. वारल्यांकडे लग्नाचा चौक सवाष्णी तांदळाच्या पिठानं काढत, खाली नाव न घालता. पुढे जिव्या सोमा म्हसे यांनी ती चित्रं कागदावर आणली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज डहाणू-जव्हारकडे या चित्रांवर पोट भरणारी घरं आहेत.

शेवटी मित्र तिथल्या चित्रकाराकडून चित्र विकत घ्यायला तयार झाला. दुकानदारानं किंमत ऐकली आणि म्हणाला, "मग साधी रेघच काढा."